जावयाची ताठ मान

"वाकायचं नाही," मी यशोधनला सांगितलं. "तीन आठवडे मान खाली घालायची नाही. बुटांची नाडी दुसऱ्या कुणाला तरी बांधायला लावायची. खाली पडलेली वस्तू खालीच राहू द्यायची. झोपायचं ते आरामखुर्चीत, टेकून. जमणार असेल तरच पुढं बोलू."

त्यात काय एवढं, असं म्हणून तो लगेच तयार झाला. ज्यांना काही जमणार नसतं तेच लोक इतक्या पटकन हो म्हणतात, हा माझा जुना अनुभव आहे.

मी, उत्तरा सबनीस, मिरजेत प्लास्टिक सर्जरी करते. सगळं आयुष्य भाजलेल्या माणसांत गेलं, आणि खरं सांगायचं तर केसांसाठी येणाऱ्या लोकांचा मला मनातून कंटाळा आहे. टक्कल पडल्यानं कुणी मरत नाही. पण 'शिथिल' नावाचं जे नवं औषध माझ्या हाती आलं होतं, ते आधी डोक्यावरच वापरून बघा, अशी तज्ज्ञ समितीची अट होती. कारण साधं होतं. डोक्याच्या मागच्या बाजूला प्रयोग फसला तर व्रण केसांखाली झाकता येतो. गळ्यावर फसला तर माणसाचा श्वास अडतो. डोक्यावरची पहिली जखम व्रण न पडता भरली, तरच भाजलेल्यांवर चाचणी करायला परवानगी मिळणार होती. म्हणजे माझ्या वॉर्डातल्या माणसांचं पुढं काय होणार, ते एका पोहण्याच्या मास्तराच्या मानेवर येऊन बसलं होतं.

यशोधन निकम सांगलीच्या तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवायचा. चौतिशीचा, उंच, पाण्यात काय तो बिनधास्त. तेविशीत त्याचं कपाळ मागं सरकायला लागलं तेव्हा घाबरून तो कुठल्याशा स्वस्त दवाखान्यात गेला होता. तिथं त्यांनी डोक्याच्या मागून कातडीची एक लांब पट्टी कापली, तिच्यातली केसांची मुळं सुटी करून पुढं लावली आणि मागची जखम कशीबशी ओढून शिवली. जखम ओली असतानाच हा गडी पाण्यात उतरला. टाके ताणले गेले, आणि व्रण या कानापासून त्या कानापर्यंत बोटभर रुंद झाला. केस ओले झाले की दुभंगायचे आणि मागून एक पांढरं हसू दिसायचं. तलावावरची पोरं त्याला 'मागून हसणारे सर' म्हणत. तेव्हापासून तो टोपी घालूनच पाण्यात उतरे, न्हाव्याकडं पाऊल टाकत नसे, स्वतःचे केस स्वतःच कापत असे. ज्या ईश्वरी मोहितेशी लग्न ठरलं होतं, तिलाही त्यानं यातलं अक्षर सांगितलं नव्हतं.

लग्नानंतर टोपी घालून झोपणार आहेस का, असं मी विचारलं. तो म्हणाला, म्हणून तर तुमच्याकडं आलोय.

व्रण पडतो कसा, ते मी त्याला समजावून सांगितलं. माझ्या सगळ्या पेशंटना सांगते, म्हणजे पथ्य कशासाठी ते कळतं आणि थोडं तरी पाळलं जातं. कातडीत दुरुस्ती करणाऱ्या पेशी असतात. जखम झाली की त्या जखमेच्या कडा ओढून बघतात. कडा ताणलेल्या लागल्या की त्यांना वाटतं, घर पडायला आलं. मग नीट भिंत बांधायचं सोडून त्या नुसते दोर टाकत सुटतात. कोलॅजेनचे जाड, सगळे एकाच दिशेनं गेलेले दोर. जखम बंद होते, माणूस वाचतो, पण त्या दोरांत ना केस उगवतो ना घाम येतो. तोच व्रण. याच पेशींना ताण लागला नाही तर मात्र त्या सावकाश, शहाण्यासारखं काम करतात. पोटातल्या बाळाला जखम झाली तर ती अशीच भरते, मागे खूण न ठेवता.

'शिथिल' त्या पेशींना बहिरं करतं. ताण असतोच, फक्त तो त्यांना ऐकू येत नाही. पण बहिऱ्या माणसालाही ढोल छातीत जाणवतोच. ताण एका मर्यादेपलीकडं गेला की पेशी जाग्या होतात, आणि एकदा जाग्या झाल्या की पुन्हा झोपत नाहीत. म्हणून जखमेवर एक पातळ पट्टी चिकटवायची असते. तिच्यातले धागे ताण मोजतात. मर्यादा जवळ आली की पट्टी मानेवर थरथरते आणि माझ्या फोनवरचा आकडा लाल होतो. कंपनीनं तिला भारदस्त नाव दिलं होतं. आमच्या नर्सबाई तिला सासूबाई म्हणत.

ऑपरेशन छान झालं. जुना व्रण मी अख्खा कापून काढला. नवं औषध आलं म्हणून जुन्या युक्त्या सोडल्या नाहीत. जखमेची एक कड तिरपी तासली, म्हणजे खालचे केस टाक्यांच्या रेषेतूनच वर येतात. आतले थर आधी शिवले, म्हणजे वरच्या टाक्यांवर ओढ येत नाही. सिगारेट त्याला नव्हतीच. मग 'शिथिल' भरलं, वर सासूबाई बसवल्या आणि बजावलं की आता डोक्यामागं ओढून घेण्याइतकी सैल कातडी शिल्लक नाही. ही जखम फाकली तर तिसऱ्यांदा काही करता येणार नाही.

तिकडं मोहित्यांच्या घरी पंचांग उघडलं गेलं. मध्ये अधिक महिना येत होता, त्यात शुभकार्य नाही, म्हणून साखरपुडा अलीकडं ओढला, तो नेमका ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या आठवड्यात आला. नाही म्हणायला यशोधनकडं सांगण्यासारखं कारण नव्हतं.

मी कंपनीनं छापलेल्या सूचना पुन्हा काढून वाचल्या. त्यांत गोल्फ खेळू नये असं होतं, घोड्यावर बसू नये असं होतं. थोरामोठ्यांच्या पाया पडू नये असं कुठंच नव्हतं. त्या लिहिणाऱ्यांच्या देशात साखरपुडा होत नसावा. कमरेत वाकलं की डोकं काळजाच्या खाली जातं, रक्त उतरतं, जखम फुगते. उकिडवं बसून पायाला हात लावायचा त्यानं आरशासमोर सराव करून पाहिला, पण हात खाली गेला की लहानपणापासूनच्या सवयीनं मान त्याच्यामागं जायची आणि सासूबाई थरथरायच्या. शेवटी त्यानं ठरवलं की नुसते हात जोडायचे.

साखरपुड्यात फेट्यानं पट्टी झाकली गेली, पण बाकी सगळं उघडं पडलं. मोहित्यांकडचे वडीलधारे एकामागून एक समोर येत होते आणि नवरामुलगा खांबासारखा उभा राहून हात जोडत होता. ईश्वरीचे वडील ती लहान असतानाच गेले. ऊस, गुऱ्हाळ आणि सगळं घर तिच्या थोरल्या काकांनी, जयसिंगरावांनी, एकट्यानं ओढलेलं. त्यांनी भर मांडवात विचारलं, "पाव्हण्यांच्या मानंत काय सळई बसवलीया का?" कुणी हसलं नाही. जाताना त्यांनी निरोप ठेवला की येत्या रविवारी घरी या, सगळ्यांच्या पाया पडा, नाहीतर ठरलेलं मोडलं असं समजा.

दुसऱ्या दिवशी यशोधन माझ्यासमोर येऊन बसला आणि सरळ रडायला लागला. काकांच्या बोलण्यानं नव्हे. ईश्वरीचा फोन आला होता. काकांचं जाऊ दे, ते चिडकेच आहेत, असं ती म्हणाली होती. "पण तू आईलाही नुसते हात जोडलेस. तिला तुझे हातसुद्धा दिसले नाहीत रे. तिला तुझे बूट दिसले."

ईश्वरीची आई, सुवर्णाताई, नऊ वर्षांची असताना माहेरच्या गुऱ्हाळावर खेळत होती. काहिलीतला उकळता रस उसळून तिच्या गळ्यावर आणि छातीवर आला. जीव वाचला, पण भाजलेली कातडी आकसत गेली आणि तिनं हनुवटी छातीकडं ओढून घेतली. दोनदा ऑपरेशन झालं, दोन्ही वेळा नवा व्रण पडला आणि मान पुन्हा खाली आली. असे गळे मी शेकड्यांनी पाहिलेत. त्या बाईला गेली चाळीस वर्षं जमीन दिसते, उंबरे दिसतात, माणसांचे पाय दिसतात. माणूस पाया पडायला खाली आला, की उठताना त्याचा चेहरा तेवढा तिला क्षणभर दिसतो. तिच्यासाठी नमस्कार म्हणजे माणूस बघायची वेळ होती, आणि होणाऱ्या जावयानं तीच चुकवली होती.

"मी वाकणार मॅडम," यशोधन म्हणाला. "जखम गेली तर गेली."

मला राग आला आणि रडूही आलं. खरं सांगून टाक की लेका, असं मी म्हटलं. त्यावर त्यानं विचारलं, एका टकलापायी तुमच्या आईच्या पाया पडलो नाही, असं सांगू? मी जाऊन सांगावं तर तेही पेशंटच्या परवानगीशिवाय चालत नाही, आणि त्यानं परवानगी दिली नाही. ज्या औषधाची वाट सुवर्णाताईसारख्या बायका बघत होत्या, ते औषध तिच्याच पायाशी वाकून हा मुलगा वाया घालवायला निघाला होता. रविवारी मी त्याच्या गाडीत जाऊन बसले. डॉक्टर म्हणून नाही, सोबत म्हणून, असं त्याला सांगितलं. फोन मात्र हातातच होता.

वाळवा तालुक्यातलं ते घर उसाच्या मळ्यात होतं. बाहेरच्या सोप्यात फरशी स्वच्छ पुसलेली, आणि भिंतीशी खुर्च्या मांडून सगळे वडीलधारे ओळीनं बसलेले. या आमच्या मॅडम, एवढीच माझी ओळख झाली. ईश्वरी दारात उभी होती, रात्रभर जागलेली दिसत होती. सुवर्णाताई ओळीच्या शेवटी एका बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या, नजर फरशीवर.

पहिल्या खुर्चीत जयसिंगकाका. यशोधन त्यांच्यासमोर गेला आणि वाकू लागला. माझ्या हातातला आकडा पिवळा झाला, मग लाल. सासूबाई त्याच्या टोपीखाली थरथरत असणार, कारण तो अर्ध्यातच थांबला. काकांच्या कपाळावर आठी चढायला लागली.

यशोधन सरळ उभा राहिला आणि चार पावलं मागं सरला. मग त्यानं ती मोकळी फरशी या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेनं मापली. तलावाच्या काठावर उभा राहून तो पाण्याकडं असंच बघत असे, हे मला नंतर कळलं. नजर समोर ठेवून तो गुडघ्यांवर आला, तळहात फरशीला लावले आणि पाण्यात सरकावं तसा पुढं सरकत आडवा झाला. हात डोक्यापुढं लांब, पाय जुळलेले, हनुवटी फरशीवर. बोटं बरोबर काकांच्या अंगठ्यांना लागली.

मी फोनकडं पाहिलं. आकडा हिरवा तर होताच, पण ऑपरेशन झाल्यापासून इतका खाली तो कधीच आला नव्हता. अर्थातच. पालथं पडून हनुवटी पुढं केली की मानेमागची कातडी सैल सुटते. एवढं शरीरशास्त्र शिकून हे माझ्या डोक्यात आलं नाही. पोहणाऱ्याला ते सुचलं, कारण मान कण्याच्या ओळीत ठेवून आडवं होणं हाच त्याचा रोजचा धंदा होता.

साष्टांग नमस्कार लोक देवळात घालतात, जयसिंगरावांना कुणी घालत नाही. त्यांनी गडबडून दोन्ही पाय खुर्चीवर ओढून घेतले. "अहो, अहो, मी काय देव हाय का? उठा बघू," एवढंच त्यांना सुचलं. यशोधन उठला, पुढच्या खुर्चीसमोर गेला आणि पुन्हा आडवा झाला. मग त्याच्या पुढच्या. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. एका म्हाताऱ्यानं आशीर्वाद द्यायला हात वर केला तो तसाच राहिला. अशी ओळ संपवून तो सुवर्णाताईंसमोर आला.

बाकीचं सगळं घर त्यांच्या नजरेच्या वर होतं. फरशीवर लांब झालेला हा एकटा माणूस त्यांच्या टप्प्यात आला होता. यशोधननं त्यांच्या पायांना हात लावला आणि तसंच पडल्या पडल्या तोंड वर केलं. मागची कातडी आणखी सैल झाली, आकडा आणखी उतरला. पण मी तेव्हा फोनकडं बघतच नव्हते. दोघं एकमेकांकडं बघत होते, निवांत, समोरासमोर.

"आत्ता दिसलासा," सुवर्णाताई म्हणाल्या.

मग तो तिथंच, जमिनीवरून बोलला. "आई, माझ्या डोक्याला मागं जखम आहे. केसांसाठी करून घेतलेली. आधीचा व्रण दहा वर्षं सगळ्यांपासून लपवला, ईश्वरीपासूनसुद्धा. वाकलो असतो तर टाके फाटले असते, म्हणून त्या दिवशी उभा राहिलो. तुमचा मान ठेवायचा नव्हता, असं नाही."

उठून बसत त्यानं टोपी काढली आणि सगळ्यांकडं पाठ केली. कानापासून कानापर्यंत टाके, त्यावर चकाकणारी पट्टी, आजूबाजूला भादरलेले केस. दिसायला ते काही चांगलं नव्हतं. मला मात्र त्या मुलाचा इतका अभिमान वाटला की शिट्टी मारावीशी वाटली.

जयसिंगराव उठून जवळ आले, वाकून वाकून पट्टी बघितली आणि म्हणाले की मांडवात आपण बोललो ते चुकलंच. मग घसा खाकरून त्यांनी जेवणाचं काय झालं म्हणून आत आवाज दिला. ईश्वरीनं डोळे पुसले आणि आपल्याला सांगायला काय धाड भरली होती, असं त्याला सगळ्यांदेखत सुनावलं. त्यावरून लग्न मोडत नाही, हे घरातल्या सगळ्यांना कळलं.

मी कोण आणि ही पट्टी कशासाठी, ते यशोधननं एव्हाना सगळ्यांना सांगितलं होतं. पानं वाढली जात असताना सुवर्णाताईंनी मला जवळ बोलावलं. खालीच बघत त्यांनी विचारलं, "ह्यो पट्टा गळ्याला लागतोय का डॉक्टरीणबाई?"

"यांची जखम नीट भरली, तर लागेल," मी म्हणाले.

हे शेजारी बसलेल्या काकांनी ऐकलं. त्या दिवसापासून यशोधनची मान ही मोहित्यांची मालमत्ता झाली. रोज सकाळी काकांचा फोन, मान कशी आहे. तो काठावरूनच शिकवायचा, तरी ईश्वरी संध्याकाळी तलावावर जाऊन बसे आणि कुणी त्याच्या पुढ्यात काही पाडलं तर आधी धावे. एकदा त्याला शिंक आली तर काकांनी मला विचारलं की शिंकेनं टाके सुटत नाहीत ना.

पट्टी काढली तेव्हा खाली फक्त एक गुलाबी रेघ होती. काही महिन्यांत तिच्यातून केस वर आले आणि रेघ शोधावी लागायला लागली. तरी समितीला पुरावा हवा होता, म्हणून मी तिथला तीळभर तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. दोर नव्हते. टोपलीच्या विणीसारखी, सगळ्या दिशांनी गुंफलेली साधी कातडी होती, तिच्यात केसांची मुळं होती, आणि एका कोपऱ्यात घामाची एक ग्रंथी होती. तीस वर्षं मी व्रण कापतेय. व्रणाच्या जागी घामाची ग्रंथी मी कधी पाहिली नव्हती. मी नर्सबाईंना हाक मारली, त्यांना काही समजेना, आणि आम्ही दोघी उगीचच एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो.

भाजलेल्यांवरच्या चाचणीला परवानगी मिळाली. पहिलं नाव सुवर्णाताईंचं होतं. लग्नाची तारीख तोंडावर आलेली, पण ईश्वरीनं सांगून टाकलं की आई वर बघेल तेव्हाच मी बोहल्यावर चढेन. यशोधन लगेच हो म्हणाला. मुहूर्त गेला म्हणून कुरकुरतील अशी ज्यांची भीती होती, त्या काकांनीच पंचांग गुंडाळून ठेवलं.

गळ्याचा व्रण कापून मान मोकळी केली, मांडीची कातडी आणून लावली, 'शिथिल' भरलं. सुवर्णाताईंचं पथ्य जावयाच्या बरोबर उलटं होतं. हनुवटी वर, नजर वर, खाली बघायचं नाही. चाळीस वर्षांची सवय मोडायची होती. मोहित्यांनी घरच उलटं केलं. टीव्ही आढ्याला टांगला. ईश्वरीचे लहानपणापासूनचे फोटो तुळईला लावले. काका त्यांच्याशी बोलायचे ते स्टुलावर उभे राहून, आणि आत्याबाई म्हणायच्या की या वयात पडलात तर तुम्हालाच पट्टी लागेल.

वैशाखात लग्न लागलं. यशोधननं केस बारीक कापून घेतले होते, मागून तर अगदी चकोट. त्यासाठी तो दहा वर्षांत पहिल्यांदा न्हाव्याच्या खुर्चीत बसला होता. तलावावरची पोरं वऱ्हाडात त्याच्यामागं घोटाळत हसू शोधत होती आणि त्यांना ते सापडत नव्हतं. अक्षता पडल्या, हार घातले गेले, आणि नवरानवरी पाया पडायला निघाली. काकांपुढं तो कमरेतून वाकला, मान पूर्ण खाली घालून, कपाळ पार पावलांना लागेपर्यंत. काकांनी आशीर्वादाचा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि मग मागं नेऊन बोटांनी चाचपत बसले. तिथं केसांशिवाय काही नव्हतं.

मग तो सुवर्णाताईंसमोर आला आणि वाकू लागला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "वाकू नका."

तो थांबला. त्याच्या खांद्याला धरून त्यांनी त्याला सरळ उभं केलं, होती तेवढ्या सगळ्या उंचीनं. मग हळूहळू मान वर केली, उपरण्यापासून हारापर्यंत, हारापासून हनुवटीपर्यंत, आणि उभ्या माणसाचा चेहरा खालून वर असा पुरता बघितला. मागं पाया पडणाऱ्यांची रांग खोळंबली होती. जयसिंगकाकांनी हात आडवा करून ती थांबवून धरली.